गरम फरशीवरच्या कुरडया

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा आला की आमच्या मागच्या गार्डनमधली पत्र्याची पेटी घुमायला लागते. आवाज मोठा नसतो. शेजारच्या खोलीत कोणीतरी तोंड मिटून गुणगुणावं, तेवढाच. मिल्टन कीन्समधल्या इतर घरांत या दिवसांत बॉयलर पेटतात. आमच्याकडे बॉयलर नाही, भिंतीला रेडिएटर नाहीत. बाहेरच्या थंड हवेतून ऊब ओढून घेणारी ती पेटी आहे, आणि खालच्या मजल्यावरच्या लाल फरशीखाली वळणं घेत गेलेल्या पाण्याच्या नळ्या. पेटी सुरू झाली की दोन दिवसांनी फरशी कोमट होते आणि मला एका हिवाळ्याचा वास यायला लागतो. भिजवलेल्या, आंबलेल्या गव्हाचा.

या पेटीचा माणूस म्हणजे डेरेक. वर्षातून एकदा येतो, पंख्यात अडकलेली पानं काढतो, नळ्यांचा दाब बघतो आणि तीन चमचे साखर घातलेला चहा पितो. दर वर्षी चहा मी देते. यंदा मंगळवारी तो आला तेव्हा मी हॉलमध्ये फोनवर होते, म्हणून आईंनी दिला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. पाच वर्षांपूर्वी नाना, म्हणजे माझे सासरे, गेले, त्याच्या सहा महिने आधीपासून त्या आमच्याकडेच आहेत. गेली तीन वर्षं त्या लायब्ररीच्या मागच्या हॉलमधल्या इंग्रजीच्या वर्गाला जातात. डेरेकला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. तो त्यांच्याशी जरा मोठ्यानं, सावकाश बोलत होता. नाना चांगले गृहस्थ होते म्हणाला. मग बॅग उचलता उचलता म्हणाला की हल्ली तुम्ही फरशीवर ते शेवयांसारखं काही वाळत घालत नाही हे बरं झालं. छातीचा आजारी माणूस असताना घरात तेवढी ओल चांगली नाही, असं त्या वर्षी मी तुमच्या सुनेला सांगितलं होतं.

आई त्याला ‘येस, येस, थँक यू’ म्हणाल्या. त्याची व्हॅन राउंडअबाउटला वळेपर्यंत खिडकीशी उभ्या राहिल्या. मी रिसीव्हर ठेवला तेव्हा त्यांनी मागे वळून विचारलं, “तेव्हा सांगितलं होतं त्यानं तुला?”

मी म्हणाले, भात लावायचाय अजून. आणि किचनमध्ये गेले.

फोनवर मी कोणाला तरी फरशी कशी गरम ठेवायची ते सांगत होते. हे अलीकडे वाढलंय. कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांवर नवीन नवीन मराठी कुटुंबं या गावात येतायत, आणि कोणाला असं वेगळ्या पद्धतीचं हीटिंग असलेलं घर भाड्यानं मिळालं की त्यांना माझा नंबर देतात. गणपतीच्या कार्यक्रमात मी कोपऱ्यातली खुर्ची धरून बसते, पण या एका विषयावर मला बोलता येतं. मी सांगते, सारखं चालू-बंद करू नका. आपल्याला खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायची सवय असते, तसं हे नाही. ही फरशी तापायला दोन दिवस घेते. सकाळी बंद करून संध्याकाळी लावलंत तर ती कधीच तापणार नाही. एक आकडा ठरवा, वीस म्हणा, आणि मग बटणाला हात लावू नका. फरशीवर जाड गालिचा नको, गादी नको. ऊब वर येऊ द्या. खिडकीच्या वरच्या बाजूला बारीक फट ठेवलेली असते, तिच्यातून गार वारा येतो म्हणून ती बुजवू नका. पेटीवर बर्फ धरला तर घाबरू नका, ती आपली आपण वितळवते. आणि घरात काही वाळत घालणार असाल तर खिडकी उघडा.

शेवटचं वाक्य मी नेहमी शेवटीच सांगते, आणि घाईनं.

हे घर आम्ही घेतलं तेव्हा जेमतेम चार वर्षांचं होतं. ऐंशीच्या दशकात, कमी ऊर्जेत घर कसं गरम राहतं हे लोकांना दाखवायला अशी थोडी घरं इथं बांधली होती. माझ्या नवऱ्याला, सतीशला, अशा नव्या गोष्टींचं वेड. भिंतीत इतकी लोकर भरली आहे की बाहेरचा आवाज आत येत नाही, हे तो पाहुण्यांना अभिमानानं सांगायचा. भिंतीच्या आतलंही काही बाहेर जात नाही, हे माझ्या लक्षात यायला तो हिवाळा यावा लागला.

ब्याण्णवच्या सप्टेंबरमध्ये नाना आणि आई आले. कायमचे आले. मिरजेचं घर बंद करून, तुळस शेजारणीकडे देऊन. नानांचा दमा वाढला होता आणि सतीश एकुलता एक. नाना पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. आल्या आल्या त्यांनी सगळ्या भिंती बोटाच्या पेरानं वाजवून बघितल्या, गार्डनमध्ये जाऊन पेटीभोवती दोनदा फिरले. हा फ्रिजच आहे, फक्त उलटा लावलेला, असं त्यांनी आईंना समजावलं. आईंनी मान हलवली. त्या ऐकत नव्हत्या.

आईंनी इथं आल्यावर जेवण टाकलं. टाकलं म्हणजे रागानं नाही. ताटावर बसायच्या, भात चिवडायच्या, उठायच्या. दुपारभर पुढच्या खिडकीशी खुर्ची लावून रस्त्याकडे बघायच्या, आणि आमच्या रस्त्यावर तर बघायला काहीच नाही. माणसं गाडीत बसून जातात, गाडीत बसून येतात. एकदा त्या म्हणाल्या, सकाळपासून एक माणूस चालत गेला, तोही कुत्र्यासाठी. त्यांच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. ब्लाउजांना मी आतून टाके घातले, एकदा, मग परत एकदा. जीपींनी, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरांनी, टॉनिक दिलं. सतीश म्हणाला, सवय होईल.  नाना आईंच्या हातांकडे बघत बसायचे.

माझं आणि आईंचं फारसं बोलणं होत नसे. मी सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढले. माझं मराठी घरातलं, तोंडातल्या तोंडात बोलायचं. त्या मला गमतीनं ‘आमची मड्डम’ म्हणायच्या, पण त्या दिवसांत गंमतही बंद झाली होती. जी गोष्ट बोलली नाही तिच्याबद्दल कोणी आपल्याला धरत नाही, हे मी शाळेतच शिकले होते. या घरातही मी तशीच होते. बघायची सगळं. बोलायची नाही.

मग नोव्हेंबरात एके दिवशी त्यांच्या हातून विरजणाचं पातेलं फरशीवर, जिन्याखालच्या कोपऱ्यात राहिलं. तिथं नळ्या दाट आहेत, फरशी सगळ्यात गरम. सकाळी दही लागलेलं होतं, घट्ट, सुरीनं कापावं असं. आल्यापासून त्यांना या देशात दही लावता आलं नव्हतं. त्या पातेल्यापाशी उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ तळहात फरशीवर ठेवून राहिल्या. मग इकडचा कोपरा, तिकडचा कोपरा चाचपत, गुडघ्यांवर सरकत सगळी खोली फिरल्या. वर बघून मला म्हणाल्या, “अगं, इथलं ऊन खाली आहे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, साबुदाणा कुठं मिळतो.

त्यानंतरचे सहा-सात आठवडे मी कधी विसरणार नाही. सतीश लूटनच्या गुजराती दुकानातून साबुदाणा आणि गहू घेऊन आला. आईंनी बॅगेच्या तळातून पितळी सोऱ्या काढला. तो त्यांनी मिरजेहून आणला होता. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आधी बटाट्याचा कीस झाला, मग साबुदाण्याच्या चकल्या, मग सांडगे. आणि मग कुरडया. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून त्याचा चीक काढायचा, चीक शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. किचनमध्ये वाफेनं समोरचं दिसायचं नाही. पुढच्या खोलीतलं फर्निचर भिंतीला गेलं, फरशीवर आईंच्या जुन्या सुती साड्या अंथरल्या गेल्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या कुरडयांच्या रांगा. चैत्रातलं काम त्यांनी डिसेंबरात आणलं. बाहेर साडेतीनला अंधार व्हायचा.

आई बोलायला लागल्या. पदर खोचून, केस कानामागे सारून, दिवसभर बोलत असायच्या. मिरजेला गच्चीवर कोण कोण यायचं, कोणाचे पापड फाटायचे, कोणाची सून चीक खाऊन टाकायची. मला हाताखाली घेतलं. माझ्या कुरडया वाकड्या व्हायच्या. त्या म्हणायच्या, मड्डमच्या कुरडया इंग्रजी अक्षरासारख्या, सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या. सतीश घरी आला की बुटांसाठी जागा शोधत दारातच उभा राहायचा. त्यानं ऑफिसात सांगितलं होतं, आमच्याकडे सेंट्रल हीटिंग नाही, सेंट्रल पापड आहे. आणि आई जेवायच्या. ताटात भाकरी घेऊन, वर परत भात घेऊन. बांगड्या मनगटावर उतरल्या.

खिडक्यांवर पाणी यायला लागलं ते साधारण नाताळच्या सुमारास. आधी काचेवर धुकं, मग थेंब, मग चौकटीत तळं. आईंना वारा लागायचा, कुरडयांना वाऱ्यानं चिरा जातात म्हणायच्या, म्हणून खिडक्यांच्या वरच्या फटी त्यांनी वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी बंद केल्या होत्या. फरशी झाकलेली असल्यानं खोली गरम होत नव्हती. मग त्या बटण वर करायच्या, सतीश खाली करायचा. नाना-आईंची खोली वर, उत्तरेच्या बाजूला. तिथल्या कपाटामागे मला पहिल्यांदा काळे ठिपके दिसले. मोहरी सांडल्यासारखे. मी कपाट परत भिंतीला लावलं.

नानांचा खोकला तेव्हा सुरू झाला होता. कोरडा, मग ओला, मग जिना चढताना मध्ये थांबणारा.

घराचं माहितीपुस्तक टेलिफोनखालच्या खणात होतं. त्या घरात ते वाचलेली मी एकटीच असेन. फरशी झाकू नका, हवेच्या फटी उघड्या ठेवा, तापमान स्थिर ठेवा. सगळं सोप्या इंग्रजीत, चित्रांसकट. मी ते वाचून खणात ठेवलं. सांगायचं असं रोज सकाळी ठरवायची. आणि रोज सकाळी आई किचनमधून हाक मारायच्या, नीता, चीक बघ गं, आणि त्या आवाजात काहीतरी असं असायचं की माझ्या तोंडून शब्द निघत नसे. सांगायचं म्हणजे त्यांना परत त्या खिडकीतल्या खुर्चीवर बसवायचं.

जानेवारीत घर गरमच होईना, तेव्हा सतीशनं डेरेकला बोलावलं आणि आपण ऑफिसला गेला. डेरेक दारात बूट काढून आत आला. कुरडयांच्या मधून, एका पायावर तोल सांभाळत, भिंतीपर्यंत गेला. त्यानं साडीचं टोक उचलून फरशीवर तळहात ठेवला, काचेवरून बोट फिरवलं, वर जाऊन कपाटामागे बघून आला. नाना सोफ्यावर शाल घेऊन बसले होते. त्यांच्या श्वासाची शिट्टी खोलीभर ऐकू येत होती. डेरेकनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून माझ्याशी बोलला. यंत्राला काही झालेलं नाही. या वाळवणाचं सगळं पाणी हवेत जातंय आणि या घरातून हवा बाहेर पडायला जागाच उरलेली नाही. हे आजच्या आज उचला, फटी मोकळ्या करा, ते ठिपके ब्लीचनं धुवा. या वयात, अशा छातीला, हे वाईट आहे. मग आईंकडे बघून हसला आणि मला म्हणाला, तुमच्या मदरना सांगा ना हे, त्यांना समजेल अशा भाषेत.

आई हातात सोऱ्या घेऊन उभ्या होत्या. बोटांना चीक लागलेला. “काय म्हणतोय गं तो?”

मी म्हणाले, “काही नाही, आई. मशीन जुनं झालंय, थोडी थंडी राहील म्हणतोय.”

नानांना इंग्रजी येत होतं. तीस वर्षं त्यांनी इंग्रजीत रिपोर्ट लिहिले होते. त्यांनी डेरेकचं सगळं ऐकलं होतं आणि माझंही. आई पुढचा घाणा शिजवायला किचनमध्ये गेल्या तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता ते विचारतील. ते श्वास जमवत होते. म्हणाले, “बरं केलंस, पोरी. तिला नको सांगू. ती जेवायला लागलीय.”

तेव्हापासून आम्ही दोघं मिळून ते लपवायला लागलो. आई अंघोळीला गेल्या की नाना जुन्या बनियननं खिडक्या पुसायचे, मी ब्लीचच्या फडक्यानं भिंत. फटीतले दोन-तीन बोळे मी काढायची. संध्याकाळपर्यंत आई ते परत घालायच्या. नाना काम करताना मला समजावून सांगायचे, ओल भिंतीत नेहमी कुठून शिरते, बंधाऱ्याच्या कामात ती कशी शोधायची. इतकं ते एरवी कोणाशी बोलत नसत. मला, खरं सांगायचं तर, बरं वाटायचं. त्या घरात पहिल्यांदा कोणाशी तरी माझं काही जमलं होतं. मी त्यांना एकदा म्हणाले, नाना, आपण नुसतं थोडं कमी करायला सांगू. ते म्हणाले, फेब्रुवारी संपला की थंडी संपते. मग सगळं बाहेरच वाळवता येईल.

फेब्रुवारीत त्यांना अँब्युलन्समधून नेलं. वॉर्डमधल्या तरुण डॉक्टरनं इतर प्रश्नांबरोबर विचारलं, घरात ओल आहे का. सतीश लगेच म्हणाला, अजिबात नाही, आमचं घर खास पद्धतीचं आहे, कोरडं ठणठणीत. मास्कवरून नाना माझ्याकडे बघत होते. त्यांनी ‘नको’ म्हटल्यासारखी मान हलवली, अगदी थोडी. मी माझ्या बुटांकडे बघितलं. आई डबा घेऊन शेजारी बसल्या होत्या. त्यात मऊ भात होता आणि वर तळलेली एक कुरडई, नानांना आवडते म्हणून.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नाना गेले. बाहेर डॅफोडिल्स वर येत होते. आई म्हणाल्या, या देशाच्या थंडीनं नेलं त्यांना. येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगितलं, मिरजेच्या पत्रांत हेच लिहिलं, आणि पाच वर्षं त्यांनी या देशाला, या आभाळाला मनापासून दोष दिला. मला ते ऐकायची सवय झाली होती. त्या दोषात मी आरामात राहत होते.

नाना ओलीनं गेले असं कोणताही डॉक्टर ठामपणे म्हणणार नाही, हे मला ठाऊक आहे. दमा जुना होता, वय झालं होतं. मी हे स्वतःला इतक्या वेळा समजावलंय की आता ते माझ्या कानाला कोणीतरी वाचून दाखवल्यासारखं वाटतं. डेरेकला शंका नव्हती. नानांनाही नव्हती.

मंगळवारचा तो प्रश्न आईंनी परत विचारला नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. त्या वर्गाला गेल्या, आल्या, वहीत शब्द लिहिले. शुक्रवारी दुपारी मी पालेभाजी निवडत होते, तेव्हा समोर येऊन बसल्या आणि माझ्या हातातली जुडी काढून बाजूला ठेवली.

मी सांगितलं. पुस्तकाचं सांगितलं, ठिपक्यांचं, ब्लीचचं. डेरेकचं बोलणं या वेळी शब्द न शब्द मराठीत सांगितलं. ‘त्यांना समजेल अशा भाषेत’ हे सुद्धा. नाना काय म्हणाले तेही सांगितलं, आणि सांगताना मला कळत होतं की मी त्यांच्या आड उभी राहतेय.

आई टेबलावरची माती बोटानं गोळा करत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. काहीतरी समजत नसल्यासारख्या त्या माझ्याकडे बघत होत्या.

“तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत,” त्या म्हणाल्या. “मला विचारलं असतंत तर मी उचलून बाहेर फेकलं असतं सगळं. त्याच दिवशी.” मग म्हणाल्या, “कुरडयाच होत्या गं त्या.”

  त्या कुरडया काढून घेतल्या तर आई जगणार नाहीत, असं आम्हा दोघांना वाटलं होतं. त्यांना काय सोसेल ते आम्ही खिडक्या पुसता पुसता आपसात ठरवून टाकलं, आणि त्या पलीकडच्या खोलीत होत्या, हाकेच्या अंतरावर.

त्या उठल्या, हॉलमध्ये गेल्या आणि भिंतीवरचं बटण शून्यावर फिरवलं. मी मागे गेले. म्हणाले, आई, आता बंद केलं तर परत तापायला फार दिवस लागतील. त्या म्हणाल्या, तापवायचं कोणाला आहे.

ही फरशी थंड व्हायलाही वेळ घेते. शनिवारी ती कोमट होती, रविवारी नुसती गार नव्हती एवढंच. सोमवारपासून पाय ठेववत नाही. आम्ही दोघी घरात कोट घालून वावरतो. आई कमी जेवतात. मी ताट वाढते, त्या आभार मानल्यासारखं हसतात आणि भात चिवडतात.  काय म्हणायचा मला अधिकार आहे, ते मला शोधून सापडत नाही.

काल संध्याकाळी सतीश ऑफिसच्या आठवडाभराच्या दौऱ्यावरून परत आला, बूट काढले आणि फरशीवर पाय टेकताच दचकला. त्याला अजून यातलं काही माहीत नाही. हीटिंग बिघडलं की काय, त्यानं विचारलं. डेरेकला फोन करू का.

आई आणि मी एकदमच म्हणालो, “नको.”